डिसिडियाला ‘नुसतं बटणं बडवणं’ म्हणणाऱ्या महाशयांसाठी

खामल्याचा_खेळिया

काल इथे एका महाशयांनी पीएसपीवरच्या (सोनीचं ते हातात धरून खेळायचं यंत्र) मारामारीच्या गेम्सची यादी टाकली. वरच्या दोन्ही जागा टेक्कनला आणि सगळ्यात खाली ‘डिसिडिया फायनल फँटसी’. शेरा काय, तर ‘दिसायला नवरी, खेळायला नुसतं बटणं बडवणं’. रात्री साडेअकराला वाचलं आणि झोप गेली, म्हणून हे लांबण.

बटणं बडवून डिसिडियात दोन मिनिटं टिकून दाखवा. इथे साध्या मारानं समोरच्याचा जीव जातच नाही. गोल बटणाचा मार त्याची ब्रेव्हरी, म्हणजे माराच्या जोराचा साठा, ओढून तुमच्या खात्यात टाकतो. मग चौकोनाचा मार लागला की जमवली असेल तेवढी ब्रेव्हरी त्याच्या एचपीतून, म्हणजे जीवातून, वजा, आणि तुमचं खातं त्या क्षणी रिकामं. म्हणजे मारणारा मारल्यावरच उघडा पडतो. हजारभर जमल्यावर उडवून मोकळं व्हायचं की अजून दोन हजार ओढायचे, हा हिशेब सारखा डोक्यात. समोरच्याची पुरती संपवलीत तर ब्रेक, आणि मैदानात साचलेली सगळी पुंजी तुमची. बाकी कुठल्या मारामारीत असा बचतगट आहे सांगा.

चेसचं तर बोलूच नका. हवेत उडवल्यावर मागे धावायचं, मग गोल की चौकोन? गोलाचा मार लगेच येतो, चौकोनाचा थांबून. समोरच्यानं घाईनं अंग चोरलं तर चौकोन खातो, उशिरा चोरलं तर गोल. मे २०१० मध्ये बारावी संपल्यावर मी आणि धाकटा भाऊ कूलरसमोर चटईवर आडवे पडून दोन पीएसपींवर हेच करायचो. बाहेर ४५ डिग्री, आत आई ओरडतेय की पन्हं घ्या रे, आणि आमचं ‘गोल मारशील की चौकोन’ चाललंय.

कॅमेरा वाईट आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. भिंतीजवळ गेलं की समोरचा सोडून खांब दिसतो. कॅमेरा फिरवायची बटणं डावीकडे आणि चालायची नॉबही डावीकडे. एका अंगठ्यानं माणूस काय काय करणार? पण त्यासाठी गेम तळाला टाकायची?

टेक्कनवाला_बर्डी

ते महाशय म्हणजे मीच. नाव घ्यायले काय झालं होतं भाऊ?

ब्रेव्हरीची पोथी वाचली. चांगली सांगितली, मान्य. आता माझी ऐका. माझा गडी स्क्वॉल, लेव्हल ३२. मावसभाऊ वर्ध्याले होस्टेलवर राहून रात्र-रात्र घासून आलेला, त्याचा सेफिरॉथ लेव्हल १००, वरून अंगावर काय काय अंगठ्या-ताईत लटकवलेले. मी त्याले दहा मारले तर त्याले गुदगुल्या होऊन राहिल्या होत्या. त्यानं एक मारला आणि मी गेलो. तुमचा तो ‘आता उडवू की थांबू’ हिशेब माझ्यापर्यंत आलाच नाही. याले लढणं म्हणत नाहीत बे, हे लग्नात हुंडा मोजणं झालं.

टेक्कन डार्क रिझरेक्शनमध्ये मले हरवायचं असन तर हात पाहिजे. हजेरीपट नाही पाहिजे. दुकानातून नवी घेतलेली आणि वर्षभर घासलेली, दोन्ही पीएसपींतला लॉ नावाचा गडी सारखाच लाथ मारते.

सेमिनरी_हिल्स_वाली

तुम्ही दोघं एकाच गोष्टीवरून भांडताय आणि खरी कटकट दोघांनीही सांगितली नाही. लोडिंग! एक लढाई संपते न संपते तोच ती डिस्क आत घरघर करायला लागते. कथेत तर पटावर एक घर सरका, लढा, थांबा, परत पट, परत थांबा. दहा नायकांच्या दहा कथा, आणि प्रत्येकीत तोच बुद्धिबळाचा पट. टेरा आणि सेसिलच्या कथेत जीव होता, टीडस आणि त्याच्या बापाच्या भांडणातही होता. बाकीचे नुसते स्फटिक शोधत फिरतात आणि खलनायक मध्येच येऊन प्रवचन देऊन जातात. खलनायक खेळायला हवे तर गुण साठवून विकत घ्या म्हणे.

गेम मला आवडते, हे आधीच सांगते, नाहीतर अंगावर याल. केफ्का या खलनायकाच्या त्या वाकड्यातिकड्या जादू मी कितीतरी दिवस नुसत्या बघत बसायचे.

खामल्याचा_खेळिया

ताई, लोडिंग? मला तर कधी जाणवलंच नाही हो. पटापट चालायची.

सेमिनरी_हिल्स_वाली

जाणवेल कसं? तुम्ही यूएमडी, म्हणजे पीएसपीची डिस्क, घेतली होती का? खरी, डबीतली?

खामल्याचा_खेळिया

२०१० मध्ये नागपुरात कोण घेत होतं?

सेमिनरी_हिल्स_वाली

मी. पहिल्या स्टायपेंडमधून. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवलीय अजून. तुमची मेमरी स्टिकवरून धावत होती, माझी डिस्कवरून रांगत होती. डेटा इन्स्टॉल करून थोडं सुधारतं, पण माझ्या स्टिकवर बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो होते, जागा कुठून आणू? आणि डिस्क फिरवायला बॅटरी जाते ती वेगळीच. म्हणजे चोरीची गेम खेळणाऱ्यानं ‘गेम पटापट चालते’ अशी ग्वाही द्यायची आणि पैसे मोजणाऱ्यानं गप्प बसायचं.

खामल्याचा_खेळिया

चोर म्हणायचं काम नाही. बाबा तेव्हा जेमतेम पगारात दोन पोरांच्या ट्यूशन भरत होते. दोन पीएसपी घरात आल्या त्याच मामानं जुन्या दिल्या म्हणून. डिस्कच्या किमतीत महिन्याचं दूध येत होतं आमच्याकडे.

सेमिनरी_हिल्स_वाली

तुमची परिस्थिती मी काढली नाही. चोरीला चोरी म्हटलं. दूध परवडत नाही म्हणून कोणी गवळ्याची म्हैस सोडून नेत नाही.

टेक्कनवाला_बर्डी

😂 म्हैस! भाऊ आता बोला.

नंदनवनचा_नंदू

पायरसी निघालीच आहे तर माझं दुःख ऐकाच. बर्डीवरच्या एका दुकानदारानं मला ८ जीबीची म्हणून मेमरी स्टिक दिली. डबी झकास, होलोग्राम झकास, पीएसपीतही ८ दाखवायची. आत खरी जागा दोनच जीबीची. तेवढी भरली की पुढचं लिहायचं ते मागच्यावर लिहायला लागायची. चार महिने घासून सेसिल लेव्हल ८७ वर आणला होता. एका संध्याकाळी चालू केलं तर सेव्ह खराब. परत गेलो तर दुकानदार म्हणतो, ‘भाऊ, गॅरंटी दुकानाच्या पायरीपर्यंत.’ त्या दिवसापासून मी त्या गल्लीतून तर्री पोहे खायलाही जात नाही.

टेक्कनवाला_बर्डी

नंदू, तुझ्या दुःखात सहभागी आहे, पण तू माझीच बाजू मांडली लेका. टेक्कनची सेव्ह उडली तर काय उडलं? दोन टोप्या आणि एक गॉगल. हात तुझ्याजवळच राहते. डिसिडियात सेव्ह गेली म्हणजे तूच गेला.

खामल्याचा_खेळिया

हा मुद्दा मात्र… चला, अर्धा दिला. पण अर्धाच. लेव्हल ८७ चा सेसिल गेला तरी चेसमध्ये कधी अंग चोरायचं हे नंदूच्या अंगठ्याला माहीतच आहे. ते काही स्टिकवर नव्हतं.

नंदनवनचा_नंदू

मला चेस कधी जमलाच नाही. कॉम्प्युटर दर वेळी वाचायचा.

खामल्याचा_खेळिया

नंदू, तू माझ्या बाजूनं बोलत जाऊ नको.

महालातला_म्हातारा

पोरांनो, या डिसिडियाला लोक हातातली क्रॉसओव्हर फायटिंग गेम म्हणतात, पण ती क्रॉसओव्हर आहे तरी का? एकाच कंपनीच्या एकाच मालिकेचे दहा भाग, त्यांतला एकेक नायक आणि एकेक खलनायक, वर दोन लपवलेले, झाले २२. हे एका वाड्यातल्या भाऊबंदांचं भांडण. क्रॉसओव्हर म्हणजे दोन हाडवैरी घराण्यांची सोयरीक. ती १९९९ साली नियो जिओ पॉकेट कलर या एसएनकेच्या हातातल्या यंत्रावर झाली, ‘एसएनके व्हर्सेस कॅपकॉम: द मॅच ऑफ द मिलेनियम’. कॅपकॉमच्या रयूसमोर एसएनकेचा क्यो उभा, २६ गडी, आणि यंत्राला बटणं किती? दोन. टिचकी मारली की हलका मार, दाबून धरलं की जड. दोन बटणांत सगळी मारामारी बसवली होती त्यांनी. आणि ती कटकट वाजणारी छोटी काठी! पीएसपीची नॉब तिच्यापुढे शर्टाची गुंडी.

मी मस्कतला नोकरीला असताना जुन्या बाजारातून घेतलं ते यंत्र. अजून चालतं. लेव्हल नाही, ताईत नाही, लोडिंग नाही. २०२१ मध्ये ती गेम निन्टेन्डो स्विचवर परत आली, तेव्हा नातवाला हरवलं मी.

टेक्कनवाला_बर्डी

काका, पायाची धूळ द्या.

खामल्याचा_खेळिया

काका, नमस्कार. पण त्या यंत्राच्या स्क्रीनला मागून उजेड नव्हता ना? आमच्या लोडशेडिंगच्या संध्याकाळी तुमची सोयरीक कंदील लावून बघावी लागली असती. आमचा वाडा निदान अंधारात दिसायचा.

महालातला_म्हातारा

उजेडाचं खरं आहे. गच्चीवर खेळायचो.

हिंगण्याचा_एकटा

बराच वेळ वाचतोय. माझं वेगळंच आहे. माझी पीएसपी ई१०००, तीत वाय-फायच नाही. डिसिडियात दोघांनी खेळायचं तर अॅड हॉक, म्हणजे जवळच्या पीएसपी वाय-फायनं थेट जोडून, म्हणून मला जन्मात कोणी माणूस भेटला नाही त्यात. म्हणून टेक्कनवाल्या दादांचा हुंडा मला कळतच नाही. मी लेव्हल वाढवायचो ते कॉम्प्युटरला बडवायला, आणि त्याला कुठे वाईट वाटतं? सुरुवातीला गेम विचारते, बोनस आठवड्याच्या कोणत्या दिवशी हवा, मी रविवार टाकला होता. आठवडाभर कंपनीत मशीन चालवायची आणि रविवारी दुपारी जेवण झालं की टीडसच्या बापाला, जेक्टला, घेऊन बसायचं. त्याचे ठोसे ठेक्यात पडले की हाताला जे कळतं ते टेक्कनमध्ये मला कधी कळलं नाही. कदाचित एकट्यानं खेळायचीच गेम असेल ही.

सेमिनरी_हिल्स_वाली

दादा, या अख्ख्या धाग्यात तुम्हीच काय ते मुद्द्याचं बोललात. एकटीनं खेळताना मलाही लेव्हलचा राग आला नाही. दीरांबरोबर खेळले तेव्हा आला.

टेक्कनवाला_बर्डी

म्हणजे मारामारीची गेम, पण दुसरा माणूस आला की बिघडते. ठरलं न मग! मी काल अजून काय म्हणून राहिलो होतो?

खामल्याचा_खेळिया

काल तुम्ही ‘बटणं बडवणं’ म्हणून राहिले होते. लेव्हलचा मुद्दा आज सुचलाय, आणि आता काल रात्रीपासून पोटात होता असं दाखवताय. शब्द मागे घ्या, मग लेव्हलवर बोलू.

टेक्कनवाला_बर्डी

ईएक्स बर्स्टमध्ये, म्हणजे त्या खास मोठ्या माऱ्यात, मार खाणारा काय करते? गोल बटण बडवते. जितकं बडवलं तितका मार कमी. ते बडवणं नाही तर काय, जपमाळ आहे?

खामल्याचा_खेळिया

ते मार खाणाऱ्यासाठी आहे. तुमचा अनुभव तेवढाच दिसतोय.

शांतपणे_सांगतो

लेव्हल आणि कंटाळवाण्या कथेचं रडगाणं गाणाऱ्यांनी २०११ चा दुसरा भाग ‘ड्युओडेसिम’ खेळलाय का? ३१ गडी, साथीदाराला मध्येच हाक मारून त्याच्याकडून मारून घ्यायची सोय, पटाच्या जोडीला फिरायला मोकळा नकाशा, आणि पहिल्या भागाची कथा आत फुकट. पहिला आता खेळायची गरजच नाही.

सेमिनरी_हिल्स_वाली

साथीदारानं तर पार वाट लावली. मी मारायला गेले की यांचा सोबती कुठूनतरी टपकणार. दोघांच्या भांडणात चुलत्यांनी पडावं तसं. पहिल्यात निदान मार खाल्ला तर तो माझ्या चुकीनं.

शांतपणे_सांगतो

साथीदाराचं गेज जपून वापरायचं असतं ताई. अज्ञान हा दोष गेमचा नाही.

सेमिनरी_हिल्स_वाली

नाव ‘शांतपणे’ आणि जीभ ही.

नंदनवनचा_नंदू

मला एक सांगा, त्या दुकानदाराबरोबर अजून कोणाचं असं झालंय का? दोन-तीन जण मिळून गेलो तर…

धागा_राखणदार

नंदूभाऊ, बारा-तेरा वर्षं झाली असतील. दुकानदारांची आणि पायरसीची मारबत वेगळ्या धाग्यावर काढा, ईडा-पीडा सगळी तिकडे न्या. इथे गेमवर बोला. आणि म्हैस परत आणू नका.

टेक्कनवाला_बर्डी

बरं, गेमवर बोलतो. खामलेवाले, तुमची पीएसपी चालू आहे का? माझ्या फोनमध्ये पीपीएसएसपीपी आहे, पीएसपीच्या गेम्स चालवणारं अॅप, तुम्हीही टाका. येत्या रविवारी फुटाळा तलावावर या, दोन डाव होऊन जाऊ द्या. पण लेव्हल सारखे. दोघंही १ वर, ताईत-बिईत काही नाही.

खामल्याचा_खेळिया

लेव्हल १ वर धड मारच येत नाहीत. निम्म्याहून जास्त लेव्हल चढताना मिळतात. अशानं माझी गेम दिसणार कशी तुम्हाला? १०० वरच या, साधनं दोघांची सारखी ठेवू.

टेक्कनवाला_बर्डी

आणि १०० वर मी कधी पोचीन?

खामल्याचा_खेळिया

रोज दोन तास दिलेत तर… दिवाळीपर्यंत.

टेक्कनवाला_बर्डी

आता मी काहीच बोलत नाही. राखणदार, हा वरचा मेसेज धाग्याच्या माथ्यावर चिकटवता येईल का?

खामल्याचा_खेळिया

माझी जुनी सेव्ह पाठवतो. स्क्वॉल १०० वर आहे तीत. अंगठ्या काढून ठेवीन.

टेक्कनवाला_बर्डी

उसना स्क्वॉल. पाठवा. पण रविवारी पहिला डाव टेक्कनचा.

सेमिनरी_हिल्स_वाली

मी येते. डिस्कवरून खेळणारी एक तरी असू दे. लोड होईस्तोवर तुमचं भांडण उरकून घ्या.

हिंगण्याचा_एकटा

मलाही यायचं होतं, पण वाय-फाय नाही. बघायला येऊ का? आणि पीएसपीची बॅटरी फुगून मागचं झाकण बसत नाहीये, या उन्हात अजूनच फुगलीय. चांगली बॅटरी कुठे मिळते कोणाला माहीत आहे का? नंदूभाऊंचं ते दुकान सोडून.