वाक्यांचा क्रम लावण्याचे प्रश्न: तीन महिन्यांच्या सरावानंतरही निम्मीच उत्तरे बरोबर येतात

प्रश्न: सुदामानगर-इंदूर

सर्वांना नमस्कार. मी इंदूरला सुदामा नगरमध्ये राहते. घरात मराठी, शाळा हिंदी माध्यमाची, आणि इंग्रजीशी खरा संबंध आला तो पदवीच्या वर्षांत. सध्या एसएससी सीजीएल (केंद्र सरकारच्या कार्यालयांतील पदवीधरांच्या भरतीची परीक्षा) आणि बँक पीओ (बँकेतील परिवीक्षाधीन अधिकारी पदाची परीक्षा) या दोन परीक्षांची तयारी मी एकत्रच करते आहे. चुकीचे वाक्य ओळखणे, गाळलेला शब्द भरणे, उतारा वाचून उत्तरे देणे हे आता बऱ्यापैकी जमते. अडते ते एकाच ठिकाणी, म्हणजे उलटसुलट दिलेल्या वाक्यांचा योग्य क्रम लावण्याच्या प्रश्नांत, ज्यांना आम्ही सगळे पॅरा जंबल म्हणतो.

गेले तीन महिने मी रोज वीस प्रश्न सोडवते. पहिल्या आठवड्यात वीसपैकी नऊ बरोबर येत होते, आजही नऊ-दहाच येतात. भंवरकुआँ भागातील ज्या क्लासला मी जाते, तेथे काही ठोकताळे पाठ करून घेतले आहेत: ‘बट’ने सुरू होणारे वाक्य पहिले नसते, सर्वनाम असलेले वाक्य पहिले नसते, विशेषनाम असलेले वाक्य पहिले असते. त्यांच्या आधाराने पहिले वाक्य बहुतेक वेळा सापडते, पण मधली वाक्ये हमखास उलटी पडतात आणि उत्तरपत्रिकेत केवळ बरोबर क्रम छापलेला असल्यामुळे माझे काय चुकले ते कळत नाही.

कालच्या सरावातील एक प्रश्न येथे देते.

क. द वीव्हर्स सेटल्ड बिलो द फोर्ट अँड मेड अ लाइट सारी फॉर द कोर्ट.
ख. अहिल्याबाई होळकर मूव्ह्ड हर कॅपिटल टु महेश्वर, अ टाउन ऑन द नर्मदा.
ग. धिस सारी नाउ कॅरीज द नेम ऑफ द टाउन.
घ. वीव्हर्स केम टु द टाउन फ्रॉम अदर टाउन्स.

मी ख-क-घ-ग असा क्रम लावला. छापील उत्तर ख-घ-क-ग असे आहे. मी माझा क्रम मनात मराठीत वाचून पाहिला, तर तो मला मुळीच खटकला नाही. सराव वाढवावा, की सरावाची पद्धतच बदलावी?

उत्तर: निवृत्त शिक्षिका, रामबाग

तुमच्या प्रश्नातच उत्तर दडलेले आहे. तुम्ही क्रम मराठीत वाचून पाहिलात, आणि मराठीत तो खटकण्याचे कारणच नव्हते. ‘विणकर किल्ल्याखाली वसले’ या वाक्यातील विणकर नव्याने आलेले आहेत की आधी उल्लेख झालेले, हे मराठी ‘विणकर’ हा शब्द सांगत नाही. इंग्रजी मात्र ते प्रत्येक नामाच्या अलीकडेच सांगून टाकते. ‘घ’मध्ये नुसते ‘वीव्हर्स’ आहे, म्हणजे वाचकाला ही माणसे पहिल्यांदाच भेटत आहेत. ‘क’मध्ये ‘द वीव्हर्स’ आहे, म्हणजे ‘तेच ते, ज्यांच्याविषयी आत्ता वाचलेत’. म्हणून ‘घ’ आधी आणि ‘क’ नंतर. तसेच ‘क’मध्ये ‘अ लाइट सारी’ आहे आणि ‘ग’मध्ये ‘धिस सारी’. तुमच्या क्रमात या दोघांच्या मध्ये ‘घ’ शिरल्यामुळे ‘धिस’चे बोट रिकाम्या जागेकडे वळते.

मी सव्वीस वर्षे मराठी आणि हिंदी घरांतील मुलांना इंग्रजी शिकवले. ‘अ’ आणि ‘द’ यांचे नियम त्यांना तोंडपाठ असत, रिकाम्या जागा ती बिनचूक भरत, आणि तरीही वाचताना त्यांची नजर या दोन शब्दांवरून घसरून पुढे जाई. यात मुलांचा दोष नाही. मराठीत आणि हिंदीत ‘अ’, ‘द’ यांसारखी उपपदेच नाहीत, त्यामुळे तुमच्या दोन्ही भाषांनी कानाला ती ऐकण्याची सवय लावलेली नाही. रोज वीस प्रश्न सोडवल्याने ही सवय लागणार नाही, कारण वीसही वेळा नजर तशीच घसरेल.

माझा आग्रह आहे की एक महिना घड्याळ बाजूला ठेवावे आणि रोज फक्त चार प्रश्न घ्यावेत. प्रत्येक वाक्य वेगळ्या चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने लिहावे. हाताने लिहिताना ‘द’ टाळून पुढे जाता येत नाही. मग उत्तराचा विचार न करता प्रत्येक चिठ्ठीतील ‘अ’, ‘द’, ‘धिस’, ‘सच’, ‘शी’, ‘देअर’ यांच्याभोवती पेन्सिलीने गोल करावा आणि प्रत्येक गोलाला एकच प्रश्न विचारावा: कोणता? कोणती? कोणाचे? ज्या चिठ्ठीत त्याचे उत्तर असेल, तिच्यामागे ही चिठ्ठी लावावी. क्रम लागला की दोन चिठ्ठ्यांच्या सांध्यावर कारण लिहावे, चार-पाच शब्दांत. ज्या सांध्याचे कारण लिहिता आले नाही, तो क्रम योगायोगाने बरोबर आला तरी वहीत चूक म्हणूनच नोंदवावा. माझ्या विद्यार्थ्यांना ही अट सर्वांत जाचक वाटे, आणि तिचाच उपयोग सर्वांत जास्त होई.

क्लासमधील ठोकताळ्यांविषयी इतकेच सांगते की ते पहिल्या वाक्यापुरते आहेत. तुमचे गुण जातात ते मधल्या सांध्यांवर.

उत्तर: बँकेत नोकरीला असलेला

बाईंनी सांगितलेली पद्धत योग्यच आहे, पण तुमची परीक्षा जवळ असेल तर महिनाभर घड्याळ बाजूला ठेवणे परवडेल का, याचा विचार करावा. दोन्ही परीक्षांत हा प्रश्न सारखा दिसत असला तरी गुणांचा हिशेब वेगळा आहे.

सीजीएलच्या दुसऱ्या टप्प्यात इंग्रजीचे 45 प्रश्न असतात, प्रत्येकी 3 गुणांचे, आणि चुकीच्या उत्तरामागे 1 गुण वजा होतो. तेथे क्रमाचे चार पर्याय समोर दिलेले असतात, म्हणून सगळा परिच्छेद लावत बसण्याची गरज नसते. एक पक्की जोडी सापडली की पुरे. तुमच्याच उदाहरणात ‘क’ला लागून लगेच ‘ग’ हवे इतके जरी कळले, तरी बहुतेक वेळा दोन पर्याय तेथेच गळतात.

बँकेच्या पूर्व परीक्षेत मात्र मी स्वतः मार खाल्लेला आहे. तेथे इंग्रजीला 20 मिनिटे असतात, आणि पाच-सहा वाक्यांच्या एकाच परिच्छेदावर पहिले वाक्य कोणते, तिसरे कोणते, शेवटचे कोणते असे चार-पाच प्रश्न विचारले जाऊ शकतात. क्रम लागला तर सगळे गुण पदरात पडतात, एक सांधा उलटा बसला तर दोन-तीन उत्तरे एकदम जातात, शिवाय प्रत्येक चुकीमागे पाव गुण कापला जातो. पहिल्या प्रयत्नात मी अशा एकाच परिच्छेदावर सहा मिनिटे घालवली आणि उताऱ्यावरील सोपे प्रश्न वाचायचेच राहून गेले. पुढच्या वर्षी मी स्वतःला दोन मिनिटे नेमून दिली: तेवढ्यात दोन पक्क्या जोड्या सापडल्या तर पुढे जायचे, नाही तर संच तसाच सोडायचा. म्हणून माझे म्हणणे असे की चिठ्ठ्यांचा सराव सकाळी करावा आणि आठवड्यातून एकदा तरी घड्याळ लावून पूर्ण विभाग सोडवावा, म्हणजे संच सोडून देण्याचाही सराव होतो.

उत्तर: कॅटचा परीक्षार्थी, वडोदरा

मी कॅटची, म्हणजे आयआयएम या व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेश परीक्षेची तयारी करतो, तेथे या प्रश्नाचे रूप आणखी कठीण आहे. चार वाक्ये असतात, पर्याय दिलेले नसतात, क्रम आकड्यांत स्वतः टंकावा लागतो. मात्र अशा प्रश्नांत चुकीचे गुण कापले जात नाहीत. 2020 मध्ये ही परीक्षा तुमच्याच शहरातील आयआयएमने घेतली आणि त्या वर्षी तिचा वेळ तीन तासांवरून दोन तासांवर आला, तेव्हापासून इंग्रजीच्या विभागाला 40 मिनिटेच मिळतात.

मला दोन गोष्टींची भर घालायची आहे. पहिली म्हणजे ‘धिस’ नेहमी एखाद्या वस्तूकडे बोट दाखवीत नाही. ‘धिस व्ह्यू’, ‘सच अ फिअर’, ‘धिस चेंज’ असे शब्द आले की मागे ‘व्ह्यू’ किंवा ‘फिअर’ हा शब्द शोधू नये, कारण तो बहुधा नसतोच. मागच्या अख्ख्या वाक्यात कोणाचे तरी मत, कोणाची तरी भीती सांगितलेली असते आणि लेखक तिला पुढच्या वाक्यात नाव देतो. आपणही मराठीत दोन ओळी मजकूर लिहून पुढे ‘ही भूमिका मान्य करता येत नाही’ असेच म्हणतो.

दुसरी गोष्ट ‘हाउएव्हर’ची. क्लासमध्ये जोडशब्द वाक्याच्या सुरुवातीला शोधायला शिकवतात, पण छापील इंग्रजीत ‘द प्लॅन, हाउएव्हर, फेल्ड’ अशी रचना सर्रास असते आणि घाईत ती नजरेतून सुटते. मला ती सापडू लागली ती आपल्या ‘मात्र’मुळे. ‘योजना मात्र फसली’ यातील ‘मात्र’ही कर्त्याच्या मागेच येतो आणि आधी काहीतरी वेगळे, बहुधा अनुकूल, घडले असल्याचे सांगतो. ‘ऑल्सो’चे काम आपला शब्दाला चिकटलेला ‘ही’ करतो. उपपदांच्या बाबतीत मराठी कान आपल्याला साथ देत नाही हे बाईंचे म्हणणे मला पटते, पण या बाबतीत तो देतो, तेव्हा त्याचा उपयोग करून घ्यावा.

प्रश्नकर्तीचे उत्तर: सुदामानगर-इंदूर

बाई आणि दोन्ही दादा, मनापासून आभार. काल रात्री मी गेल्या आठवड्यातील चुकलेले अकरा प्रश्न पुन्हा काढले आणि स्वयंपाकघरातील टेबलावर चिठ्ठ्या मांडून बसले. पंखा बंद करावा लागला, आणि आईने दोनदा विचारले की हे काय चालले आहे. अकरापैकी सात ठिकाणी माझी चूक ‘अ’ आणि ‘द’ यांच्यापाशीच होती. दोन ठिकाणी ‘धिस’ होते, ज्याला मी मागे वस्तू शोधत होते. उरलेल्या दोन प्रश्नांचे कारण मला अजून लिहिता आलेले नाही, ते वहीत तसेच ठेवले आहेत.

एक शंका मात्र उरली. महेश्वरच्याच प्रश्नात ‘क’मध्ये ‘द फोर्ट’ आणि ‘द कोर्ट’ आहे. किल्ल्याचा किंवा दरबाराचा उल्लेख आधी कोणत्याही वाक्यात नाही. मग तेथे ‘द’ कसे चालले? या ‘द’साठी मी अर्धा तास मागची चिठ्ठी शोधत होते.

उत्तर: निवृत्त शिक्षिका, रामबाग

ही शंका तुम्हाला आली याचा मला फार आनंद झाला, कारण नजर आता घसरत नाही असा तिचा अर्थ आहे. प्रत्येक ‘द’ मागच्या वाक्याला बांधलेला नसतो. ‘द नर्मदा’मध्ये कोणती नदी हे नावच सांगते. ‘द नेम ऑफ द टाउन’मध्ये कोणते नाव हे पुढचे ‘ऑफ’ सांगते. राजधानी म्हटली की दरबार आलाच, आणि किल्लाही त्या गावचाच, म्हणून ‘द कोर्ट’ आणि ‘द फोर्ट’ यांना वेगळी ओळख करून द्यावी लागली नाही. राजधानीचे वाक्य आधी येऊन गेले एवढे त्यांना पुरते. विणकरांचे तसे नाही. राजधानी म्हटल्याबरोबर कोणाच्या मनात विणकर उभे राहत नाहीत, त्यांना कोणीतरी गावात आणावे लागते, आणि ते काम ‘घ’ करते.

म्हणून पेन्सिलीच्या गोलाला ‘कोणता?’ असे विचारल्यावर उत्तर त्याच चिठ्ठीत मिळते का, हे आधी पाहावे. मिळाले तर तो गोल खोडून टाकावा. मग ज्या गोष्टी स्थळामुळे किंवा प्रसंगामुळे आपोआप समजतात, त्यांचे गोलही खोडावेत. चार चिठ्ठ्यांवर मिळून दहा-बारा गोल होतात, त्यांपैकी शेवटी दोन किंवा तीनच उरतात. तुमच्या वहीत जे दोन प्रश्न कारणाविना राहिले आहेत, त्यांवर आज रात्री आधी हेच करून पाहा, आणि तरीही कारण सापडले नाही तर ती वाक्ये येथे लिहा.