सोयाबीनची गंजी भिजली, ७२ तासाची तक्रार होऊनच नाई राहिली. मदत हवी

वावरवाला_११:
राजेहो अर्जंट सांगा. परवा रात्री पाऊस आला, ताडपत्री उडाली अन् सोंगून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजीत पाणी शिरलं. आज सकाळी मधात हात घातला तर गरम लागून राहिलं, शेंगेतच कोंब फुटले. विमा काढलेला आहे. विम्याच्या ॲपवर तक्रार करायले गेलो तर तो पर्यायच दिसून नाई राहिला, नुकसान कळवायचे ७२ तास उद्या रात्री संपतात. काय करू?

कास्तकार:
जिल्हा कोणता भाऊ? ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, केली का? विम्याच्या पावतीवर नाव कोणाचं?

दादाराव:
१४४४७ या पीक विम्याच्या हेल्पलाइनले फोन लाव अन् तक्रार नंबर लिहून घे. २०२३ ले माह्या गंजीत असंच पाणी गेलतं, कापणीनंतर १४ दिवसाच्या आत होतं म्हणून घेतली तक्रार. सर्व्हेवाला पोट्टा बांधावरूनच फोटो काढून गेला पण पैसे आले. फोन सोडू नको, अर्धा तास गाणं वाजते.

सातबारा:
दादाराव काका, ते जुनं झालं. एका रुपयात विमा निघायचा तेव्हाचं. २०२५ च्या खरिपापासून आपल्या राज्यात ती ७२ तासाची भानगडच काढून टाकली, काढणीनंतरचं नुकसान पण गेलं, म्हणूनच पर्याय दिसत नाही. आता सगळं पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे काही वावरांतलं पीक कापून मोजतात त्यावर. महसूल मंडळाचं, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटाचं, सरासरी उत्पन्न ठरवून दिलेल्या उंबरठा उत्पन्नाच्या खाली आलं तरच पैसे. समजा उंबरठा हेक्टरी १० क्विंटल अन् मंडळात ७ निघालं, तर विमा रकमेच्या ३० टक्के, अन् ते मंडळातल्या सगळ्या सोयाबीन विमावाल्यांना सारखं. तुमची एकट्याची गंजी भिजली त्याचा हिशोब नाही.

दादाराव:
मंग सोयाबीनले विमा रकमेच्या २ टक्के अन् कपाशीले ५ टक्के भरून काय फायदा? त्यापेक्षा रुपया बरा होता.

सातबारा:
रुपयात बोगस किती घुसले ते पण सांगा काका.

झाडीपट्टी:
आमच्याकडं धानात रानडुकरं घुसून राहिले त्याचा विमा कसा भेटते? कोणाले माहीत असन तर सांगा.

कास्तकार:
डुकराचा वेगळा धागा काढा हो. वावरवाला, तलाठ्याले सांगितलं का? विमा वेगळा अन् अतिवृष्टीचं अनुदान वेगळं. ३३ टक्क्याच्या वर नुकसान असन तर जिरायतीले हेक्टरी ८,५०० बसते, पण त्याले पंचनामा लागते. फार्मर आयडी आहे ना? अन् पावतीवर नाव कोणाचं, दुसऱ्यांदा विचारून राहिलो.

वावरवाला_११:
यवतमाळ जिल्हा. ई-पीक पाहणी झाली असन, मालकानं केली असन.

कास्तकार:
मालक? कोण मालक?

वावरवाला_११:
वावर मक्त्यानं आहे ना. पावती त्याच्या नावानं, सेतूत विम्याचे पैसे मीच भरले. बियाणं, फवारणी, सोंगणीची मजुरी सगळं माहं.

सातबारा:
हे पहिल्याच पोस्टीत सांगायचं भाऊ. नोंदणी केलेला भाडेकरार आहे का? असता तर तुमच्या नावानं विमा काढता आला असता.

वावरवाला_११:
स्टॅम्प पण नाई. तोंडी आहे, तीन वर्षं झाले.

सातबारा:
मग जे काही येईल ते मालकाच्याच खात्यात. अनुदान पण सातबाऱ्यावरच्या नावानं. आता त्याच्याशीच बोलणं करा, निदान विमा आला तर तुमचा म्हणून चार माणसांत कबूल करून घ्या.

दादाराव:
ॲप ठेव बाजूले. गंजी आजच उकल, ऊन आहे तोवर पसरव. वरचं कोरडं अन् मधातलं कोंबाचं वेगळं मळ, एकत्र केलं तर व्यापारी साऱ्याचाच भाव पाडते. थ्रेशरवाल्याले आधीच सांगून ठेव.

वावरवाला_११:
ताडपत्री अंथरली, बायको अन् मी दोघंच आहो. मालक नागपूरले राहते, सकाळपासून चारदा फोन लावला, उचलून नाई राहिला.