मदत हवी आहे: एएम डिटेक्टरची साइन वेव्ह उतरताना तिरकी कापली जातेय

ब्रेडबोर्डवाला:
मंडळी, मी सेकंड इयर ई अँड टीसीला आहे. अ‍ॅनालॉग कम्युनिकेशनच्या लॅबमध्ये एएम डिमॉड्युलेशनपाशी, म्हणजे एएम लहरीतून मूळ सिग्नल परत काढण्यापाशी, गाडी अडली आहे. ट्रेनर किटमधून एएम घेतलंय: कॅरिअर (वाहून नेणारी लहर) १०० किलोहर्ट्झ, मेसेज (मूळ सिग्नल) १ किलोहर्ट्झ. डीएसओवर (डिजिटल ऑसिलोस्कोपवर) व्ही-मॅक्स ३.२ आणि व्ही-मिन ०.८ व्होल्ट, म्हणजे मॉड्युलेशन इंडेक्स (मेसेजमुळे कॅरिअरची उंची किती बदलते ते, एम) ०.६. पुढे ब्रेडबोर्डवर साधा एनव्हलप डिटेक्टर (कॅरिअरच्या शिखरांवरून जाणारी रेघ, म्हणजे एनव्हलप, पकडणारं सर्किट): १एन४१४८ डायोड, १० किलोओहम रेझिस्टर आणि त्याला समांतर कपॅसिटर.

आउटपुट चढताना छान गोल येतं. उतरताना मात्र पट्टीने आखल्यासारखी तिरकी रेघ दिसते, आणि तळ गाठायच्या आतच सिग्नल पुन्हा वर जातो. लॅब असिस्टंट म्हणाले डायोड बदल. जर्मेनियमचा ओए७९ लावला, तर पातळी थोडी वर सरकली, पण तिरकेपणा तसाच. गंमत म्हणजे मेसेज १०० हर्ट्झवर नेला की सगळं ठीक दिसतं. पुढच्या आठवड्यात सबमिशन आहे.

मीडियमवेव्ह:
डायोडला उगाच दोष देताय. जर्मेनियमचा व्होल्टेज ड्रॉप कमी, म्हणून पातळी सरकली, इतकंच. कपॅसिटरवर काय छापलंय?

ब्रेडबोर्डवाला:
१०४. मॅन्युअलच्या आकृतीत नुसतं 'सी' आहे, किंमत छापलेलीच नाही. ट्रेमध्ये हाच होता.

मीडियमवेव्ह:
मग झालं! १०४ म्हणजे १० वर चार शून्यं, पिकोफॅरडमध्ये. ०.१ मायक्रोफॅरड. १० किलोओहमबरोबर आरसी (रेझिस्टर गुणिले कपॅसिटर, म्हणजे कपॅसिटर किती सावकाश रिकामा होतो त्याचं माप) होतो १ मिलिसेकंद, आणि तुमच्या मेसेजची अख्खी सायकलच १ मिलिसेकंदाची! एनव्हलप खाली येतं त्या वेगाने कपॅसिटर रिकामा होऊच शकत नाही. डायोड बंद पडतो आणि कपॅसिटर आपल्या चालीने रेझिस्टरमधून उतरत राहतो. तुमची तिरकी रेघ ती हीच. ओरलला हमखास विचारतात, नाव लक्षात ठेवा: डायगोनल क्लिपिंग.

आरसीची वरची मर्यादा = √(१ − एम²) ÷ (२π × मेसेजची फ्रिक्वेन्सी × एम). एम ०.६ धरला तर √ मधून ०.८ येतात, आणि उत्तर सुमारे २१२ मायक्रोसेकंद. १०० हर्ट्झला हीच मर्यादा दसपट होते, २ मिलिसेकंदांच्या वर जाते, म्हणून तिथे तुमचं आउटपुट सुधारलं. खालची बाजूही सांभाळायची: आरसी कॅरिअरच्या एका सायकलच्या १० मायक्रोसेकंदांपेक्षा बराच मोठा हवा, नाहीतर कॅरिअरच आउटपुटला दिसत राहील. १०३ लावा, १०० मायक्रोसेकंद होतील.

ब्रेडबोर्डवाला:
ट्रेमध्ये २२३ पण आहे, तो चालेल?

मीडियमवेव्ह:
२२० मायक्रोसेकंद. मर्यादेच्या किंचित पलीकडे. त्यात या कपॅसिटरांचा टॉलरन्स (छापील किमतीपासून पडणारा फरक) बघता त्याच्या नादी लागू नका.

ब्रेडबोर्डवाला:
१०३ लावला, तळापर्यंत साइन वेव्ह आली! पण रेघ जाडसर दिसतेय, झूम केल्यावर बारीक दाते दिसतात.

सोल्डरगन:
ते दाते म्हणजे उरलेलं कॅरिअर. पुढे १० किलोओहम सिरीजमध्ये आणि १०२ ग्राउंडला लावा. कटऑफ (ज्याच्या वरच्या फ्रिक्वेन्सी दबतात तो) साधारण १६ किलोहर्ट्झ येतो. १ किलोहर्ट्झला धक्का लागत नाही, १०० किलोहर्ट्झ बराच दबतो. आणि हे फक्त लॅबपुरतं समजू नका. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओत ४५५ किलोहर्ट्झच्या आयएफनंतर (रेडिओच्या आतल्या ठरावीक मधल्या फ्रिक्वेन्सीनंतर) हाच डायोड-आरसी बसलेला असतो, पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर लागायचं ते त्याच्यातूनच.

ब्रेडबोर्डवाला:
दोघांचेही आभार. जर्नलमध्ये नुसता चांगला आलेख काढू का?

मीडियमवेव्ह:
दोन्ही काढा, १०४चा आणि १०३चा, एकाखाली एक, टाइम-बेस तोच ठेवून. शेजारी आरसीचं गणित लिहा. आणि मॅडमना सांगून आकृतीत ती किंमत घालून घ्या, पुढची बॅच पुन्हा डायोडच बदलत बसेल.