पुण्याचं जिल्हा न्यायालय मेट्रो स्टेशन: तुमचे अनुभव लिहा

कोर्टासमोर अॅफिडेव्हिट टाईप करून द्यायचं माझं काम आहे, त्यामुळे मेट्रोतून वर आलेली माणसं दिवसभर समोर दिसतात, धापा टाकत विचारतात की गेट कुठलं. स्टेशन जमिनीखाली 33.1 मीटर आहे, देशातल्या सगळ्यात खोल स्टेशनांपैकी एक. गाडीचा वेळ सगळे धरतात पण प्लॅटफॉर्मवरून रस्त्यावर यायचा कुणी धरत नाही आणि तारखेच्या दिवशी तोच अंगाशी येतो. तुम्ही कसे जाता, कुणाला घेऊन जाता, काय सोपं झालं, काय अजून अवघड आहे, सविस्तर लिहा, नवीन येणाऱ्यांना उपयोग होईल.

ज्युनिअर वकील, पिंपरी
आधी बाईकने यायचो, बोपोडी-खडकीचं ट्रॅफिक, पाठीवर फायलींची बॅग, पावसाळ्यात कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून. 1 ऑगस्ट 2023 ला फुगेवाडीच्या पुढे कोर्टापर्यंत मेट्रो आली तेव्हापासून बाईक घरीच. गाडीत बसल्या बसल्या केस वाचून होते. पण सकाळी सरकत्या जिन्यांवर सगळे काळे कोटच असतात, म्हणून मी एक गाडी आधीची पकडतो. पुकारा झाला आणि तुम्ही जिन्यावर असाल तर कोर्ट थांबत नाही, अशिलांनाही हेच सांगून ठेवलंय.

पद्मावतीची लेक
आईची वाटपाची केस चालू आहे, वय सत्तरच्या पुढे, गुडघे गेलेले. 29 सप्टेंबर 2024 ला स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग सुरू झाला, त्याआधी रिक्षाने जायचो आणि पेठांमधून निघेपर्यंत तिचा जीव अर्धा व्हायचा. आता स्वारगेट, मंडई, कसबा पेठ की पुढचं कोर्टच. मुठा नदी आपल्या डोक्यावरून वाहतेय असं पहिल्यांदा सांगितलं तर तिने गाडीतच वर बघून हात जोडले. अडचण आहे ती सरकत्या जिन्याची. पायरीवरच्या पिवळ्या रेघेकडे बघत उभी राहते, पाय पुढे करते, परत मागे घेते, मागे लोक खोळंबतात आणि ती अजूनच घाबरते. एका सिक्युरिटीवाल्या ताईंनी "मावशी, तुम्ही माझ्याबरोबर या" म्हणत हात धरून लिफ्टपर्यंत नेलं, तेव्हापासून आम्ही सरळ लिफ्टच शोधतो. एक लिफ्ट थेट रस्त्यावर सोडत नाही, मध्ये उतरून चालून दुसरी घ्यावी लागते, तर त्या मधल्या टप्प्यात बसायला चार बाक जास्त हवेत असं मला मनापासून वाटतं. वरून छतातून ऊन खाली येतं ना, ते मात्र तिला फार आवडतं, इतक्या खोल जाऊन कोंडल्यासारखं होत नाही म्हणते.

धान्य गोदाम
मेट्रोच्या आधी इथे सरकारी धान्य गोदाम होतं, माझे वडील तिथे नोकरीला होते. ट्रकची रांग, हमालांच्या पाठीवर गव्हाची पोती, आणि सांडलेल्या दाण्यांवर पारव्यांचे थवे. शाळा सुटली की डबा द्यायला जायचो. आता तिथेच तिकीट काढतो, आणि त्या मातीखाली काळा पाषाण फोडून एवढं काम केलं त्या कामगारांचं खरंच कौतुक वाटतं.

नेहमीचा प्रवासी
सरकारी कामाला येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. लोक शिवाजीनगर कोर्ट म्हणतात म्हणून बाहेरगावचे बरेच जण शिवाजीनगर स्टेशनला उतरतात, पिंपरीकडून येताना ते आधीचं, कोर्टासाठी एक पुढे या. आरटीओसाठी वरच्या, म्हणजे वनाज-रामवाडी लाईनने मंगळवार पेठ, महापालिकेला त्याच लाईनवर उलट्या बाजूला एक स्टेशन, आणि कलेक्टर कचेरीला पुणे रेल्वे स्टेशन.

धागाकर्ती
पद्मावतीच्या ताई, बाकांचं तुमचं म्हणणं लेखी द्या, हवं तर अर्ज मी टाईप करून देते, पैसे नकोत. सह्या करायला इथे माणसं कमी पडणार नाहीत.

वनाज ते चिंचवड
मी रोज इथे फक्त गाडी बदलते, उन्नत मार्गावरून उतरून थेट तळाला. बाहेर पडून परत तिकीट काढावं लागत नाही, पण उतार लांब आहे, संध्याकाळी तर गर्दीच्या उलट चालावं लागतं. नवीन असाल तर बाण बघत बसू नका, ऑफिसवाल्यांच्या मागे चला, बहुतेक सगळे गाडी बदलायलाच निघालेले असतात. अर्जावर माझीही सही घ्या, दुपारी जमेल.