होल्ड केलेला माल माझ्या सहीशिवाय सुटतो, काय करावं?

बोअरगेज_कोल्हापूर

गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपची क्वालिटी नुकतीच माझ्याकडं आली आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आमच्याकडं सीएनसी-व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) मशिनिंग होऊन माल पुण्याला जातो. इन्स्पेक्शनला आम्ही चौघी, बाकी शॉप फ्लोअर सगळा पुरुषांचा.

बोअर (कास्टिंगमधलं गोल भोक) अंडरसाइज, म्हणजे मापापेक्षा लहान निघाला म्हणून लॉट थांबवायचा लाल टॅग लावला की मशीन लावून देणारा सेटर म्हणतो, "मशीनवर ओके होता, मॅडमना गेज धरता येत नाही." मग प्रॉडक्शनवाले परस्पर मालकांना फोन लावतात आणि सेकंड शिफ्टला माल डिस्पॅचमध्ये गेलेला असतो. गिऱ्हाइकाची तक्रार आली की उत्तर मात्र मी द्यायचं. बरेचसे निर्णय संध्याकाळी गेटबाहेर चहाच्या गाड्यावर होतात, मला सकाळी कळतात.

शिवाय एक सुपरवायझर ग्रुपवर अधूनमधून घाणेरडे विनोद टाकतो. लैंगिक छळाची तक्रार समिती आहे का विचारलं तर "आपल्याकडं असलं काही होत नाही" असं उत्तर मिळालं. रात्री अकरालाही फोन येतात. कुठून सुरुवात करावी? नोकरी सोडायची नाही, एवढं धरून सांगा.

लालजाळी

ताई, माणसं ऐकत नाहीत हा नंतरचा भाग. आधी तुमचा अधिकार कुठल्या कागदावर आहे ते बघा. बहुतेक ठिकाणी बढतीच्या पत्रात पद असतं, पगार असतो, आणि माल कोण थांबवणार, कोण सोडणार यावर एक ओळ नसते. ती ओळ मागून घ्या: "होल्ड केलेला माल क्वालिटी हेडच्या सहीशिवाय पुढच्या ऑपरेशनला किंवा डिस्पॅचला जाणार नाही. त्या रजेवर असतील तर अमुक व्यक्ती सही करेल." नाव घालून. पर्यायी माणूस ठरवला नाही तर तुमच्या सुट्टीच्या दिवशीच माल सुटतो.

ऑटोमोबाइलचा माल असेल तर मालकांना हे पटवणं सोपं आहे. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकातलं कलम ५.३.२ सांगतं की गुणवत्तेची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला डिस्पॅच आणि उत्पादन थांबवायचा अधिकार हवा, आणि प्रत्येक शिफ्टला असा माणूस हवा. मंजूर ड्रॉइंगपेक्षा वेगळा माल पाठवायचा तर आधी गिऱ्हाइकाकडून डेव्हिएशन, म्हणजे तशी परवानगी घ्यावी लागते (८.७.१.१). म्हणजे मालकांनी फोनवर "जाऊ दे" म्हणणं हे डेव्हिएशन नव्हे. ऑडिटरनं होल्ड रजिस्टर आणि डिस्पॅच चलन शेजारी ठेवून बघितलं तर थेट नॉन-कन्फर्मिटी (नियमभंगाची नोंद) निघते.

टॅगवर अवलंबून राहू नका, टॅग दोन सेकंदांत निघतो. थांबवलेल्या मालासाठी लाल जाळी करा, तिला कुलूप लावा, किल्ली इन्स्पेक्शनकडं. रजिस्टरला हीट नंबर (फाउंड्रीतल्या ओतकामाचा क्रमांक), मशीन नंबर, नग, दोष, कोणी थांबवलं, कोणी सोडलं, वेळ एवढे रकाने पुरे. फक्त सापडलेले नग आत टाकून भागत नाही. शेवटचा ओके नग ज्या वेळी नोंदला तिथपासून पुढचा सगळा माल आत जातो. इथंच खरी भांडणं होतात, कारण प्रॉडक्शनचा आकडा एकदम पडतो.

आता "गेज धरता येत नाही" याबद्दल. सेटर खोटं बोलत असेलच असं नाही. मशीनवरून उतरलेला नग गरम असतो. कास्ट आयर्नचा १०० मिमीचा बोअर मास्टर रिंगपेक्षा (गेज झिरो करायच्या प्रमाण मापाच्या कडीपेक्षा) १० अंशांनी गरम असेल तर साधारण ११ मायक्रॉन मोठा दिसतो. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) २० मायक्रॉनचा असला तर अर्धा तिथंच गेला. म्हणून मशीनवर ओके आणि तुमच्या टेबलावर थंड झाल्यावर अंडरसाइज. उपाय असा: नग आणि मास्टर रिंग एकाच सरफेस प्लेटवर ठेवायचे, तापमान सारखं होऊ द्यायचं, बोअर पुसून कूलंट आणि चिप काढायची, रिंगवर झिरो करायचा, आणि त्याच गेजनं आधी सेटरनं, मग तुम्ही, तीन-तीन रीडिंग घ्यायची. दोघांची एका कागदावर. वाद माणसावरून मोजमापावर आला की तो मिटतो, न मिटला तर गेज कॅलिब्रेशनला पाठवा.

उद्यमनगरी

वरचं सगळं बरोबर, पण नुसती कलमं दाखवून फ्लोअर हालत नाही. मशीन शॉपमध्ये खरा दादा सेटर असतोय. त्याला विरोधात ठेवून कुठलाच क्वालिटीवाला टिकत नाही, बाई असो नाहीतर बाप्या. त्याचं दुखणं एकच असतंय, रिजेक्शनचं खापर त्याच्या सेटिंगवर फुटतं. तेव्हा रोजचं रिजेक्शन ऑपरेटरच्या नावानं लावू नका. मशीन, ऑपरेशन आणि दोष असं मांडा. ब्लो होल (ओतकामातली हवेची पोकळी) फाउंड्रीच्या खात्यात, बोअर अंडरसाइज टूल झिजण्याच्या खात्यात. इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) किती नगांनंतर फिरवला ते त्याच्याकडूनच लिहून घ्या. फाउंड्रीचा दोष तुम्ही त्याच्या अंगावरनं काढला की तो तुमचा माणूस झाला, बगा.

चहाच्या गाड्यावर जाऊन उभं राहायची गरज नाही. तिथं काय ठरतंय ते ठरू दे. फर्स्ट शिफ्ट सुरू होताना लाइनवरच दहा मिनिटं उभ्यानं मीटिंग ठेवा आणि वही ठेवा. वहीत नाही तो निर्णय झालेला नाही, एवढं मालकांच्या तोंडून एकदा वदवून घ्या.

बोअरगेज_कोल्हापूर

तापमानाचं लक्षातच आलं नव्हतं, आमची रिंग एसीत असते आणि नग बाहेरून येतो. समितीबद्दल कोणी सांगेल का? कायम कामगार आठच आहेत, बाकी कंत्राटी, म्हणून ती लागत नाही असं ऑफिस म्हणतंय.

कागद_आधी

लागते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कंत्राटी, रोजंदारी, ट्रेनी, अप्रेंटिस सगळे कर्मचारी धरले आहेत. एकूण दहा झाले की अंतर्गत समिती बंधनकारक, नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. अध्यक्ष तिथल्याच नोकरीतली वरिष्ठ महिला हवी, किमान दोन सदस्य कर्मचाऱ्यांमधले, एक बाहेरची व्यक्ती स्वयंसेवी संस्थेतली किंवा या विषयाची जाणकार, आणि एकूणात निम्म्या तरी महिला. नोकरीत नसलेल्या मालकीणबाईंचं नाव अध्यक्ष म्हणून टाकायची पद्धत आपल्याकडं बरीच आहे, ते चालत नाही.

एक अडचण आधीच ओळखा. तिथं सगळ्यांत वरिष्ठ महिला तुम्हीच दिसताय, म्हणजे अध्यक्षपद तुमच्याकडंच येईल. स्वतःच्या तक्रारीवर स्वतः बसता येत नाही. त्यामुळं नेमणूक होतानाच दुसऱ्या युनिटमधली कोणी मिळते का ते विचारून ठेवा. तक्रार मालकाविरुद्धच असेल किंवा कर्मचारी दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात चौकशी करा. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत. प्रकार पुन्हा पुन्हा होत असेल तर शेवटच्या घटनेपासून मोजतात. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. सहा प्रती लागतात. ग्रुपवरच्या मेसेजचे स्क्रीनशॉट तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचं नाव दिसेल असे घ्या, आणि ग्रुप सोडायच्या आधी चॅट एक्स्पोर्ट करा. वहीत काय लिहायचं? कोण काय बोललं त्याचेच शब्द, समोर कोण होतं. "अपमानास्पद वागला" एवढं लिहिलेलं चौकशीत उपयोगी पडत नाही. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते, आणि ती चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते.

पण दोन विषय एकत्र करू नका. घाणेरडे विनोद समितीकडं. सही डावलून माल सोडणं हा लैंगिक छळ नाही, तो कारभाराचा प्रश्न आहे आणि लालजाळीनं सांगितलेल्या वाटेनंच सुटेल. दोन्ही एका अर्जात घातले की समोरचा वकील पहिलं काम हेच करतो, सगळं "कामावरचं भांडण" म्हणून दाखवतो.

पाण्याची_बाटली

रात्रीच्या फोनबद्दल: कुठल्या कारणाला फोन करायचा ते लिहून लावा. अपघात, गिऱ्हाइकाची लाइन बंद पडणं, पकडलेला दोष आधीच बाहेर गेलेला असणं. बाकी सगळं होल्ड करून सकाळी. होल्ड करायला तुमची परवानगी लागत नाही, सोडायला लागते, हे शिफ्टच्या माणसाला कळलं की निम्मे फोन थांबतात. उरलेले तुम्ही आणि तुमचा पर्यायी माणूस आठवडा वाटून घ्या. तुम्हाला किंवा इन्स्पेक्शनच्या मुलींना संध्याकाळी ७ नंतर थांबवायचं असेल तर संमती आणि घरापर्यंत गाडी, दोन्ही आधी.

तब्येतीचं कोणी विचारलं नाही, तरी सांगते. महिलांचं टॉयलेट ऑफिसच्या टोकाला असलं की शॉपमधल्या बायका पाणी पिणंच कमी करतात. फाउंड्रीच्या बाजूला उन्हाळ्यात दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी पोटात जायला हवं. लघवीला जळजळ झाली तर डॉक्टरकडं जा, सोबत थंडी-ताप आणि कंबरेत दुखणं असेल तर त्याच दिवशी. दमणूक सतत असेल तर हिमोग्लोबिन बघा. गरोदर नसताना १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. लोहाच्या गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको, आणि आपल्याकडं गोळी बहुतेक चहाबरोबरच घेतली जाते.

सेफ्टी शूज पुरुषांच्या सहा नंबरचे देऊन आत दोन मोजे घालायला सांगतात, त्यानं पाय घसरतो. चार-पाच नंबर मिळतात, खरेदीवाल्याला मागणी लेखी द्या. ओढणी आणि लांब मंगळसूत्र स्पिंडलजवळ नकोच. ॲप्रन मागून बांधायचा घ्या, पुढं नाडी असलेला नको.

बोअरगेज_कोल्हापूर

जाळीचं कोटेशन उद्या मागवते. सहीच्या ओळीचा मसुदा इथंच टाकते, लालजाळींनी एकदा नजर घालावी.

लालजाळी

टाका. आणि किल्ल्या दोनच करा, तिसरी स्टोअरमध्ये ठेवली की जाळी असून नसल्यासारखी.