किती कंपन्या विकत घेतल्या, यावरून डिस्ट्रिब्युटरची ग्रोथ मोजायची का?

बेअरिंगबहाद्दर: बेअरिंग, बेल्ट, व्हॉल्व्ह, होज विकणाऱ्या कंपन्यांची एक स्लाइड ठरलेली असते, पाच वर्षांत इतक्या कंपन्या घेतल्या आणि खाली नकाशावर ठिपके. माझ्या मते हा आकडा खर्चाचा आहे, वाढीचा नाही. विक्री १०० होती, २० विक्रीवाली कंपनी घेतली, वर्षअखेर बेरीज ११७. स्लाइडवर १७ टक्के झळकतात, पण घेतलेलीचे २० तसेच असतील तर मूळ धंदा ९७ वर आलाय, ते कोण सांगणार?

जुना_खरेदीवाला: एवढं सोपं नाहीये राव. हा धंदाच विखुरलेला, छोटे छोटे डीलर, पुढची पिढी दुकानात बसायला तयार नाही, ते विकणारच. मोशन या अमेरिकन डिस्ट्रिब्युटरने जानेवारी २०२२ मध्ये कामन डिस्ट्रिब्युशन ग्रुप हा दुसरा डिस्ट्रिब्युटर घेतला, साधारण १.३ अब्ज डॉलरला. तेवढ्या शाखा आणि गिऱ्हाइकं स्वतः उभी करायला किती वर्षं गेली असती? शिवाय खरेदी वाढली की उत्पादकाकडून रिबेटही, म्हणजे खरेदीवर परत मिळणारी सूट, चांगला सुटतो. किती सौदे जमतायत हे मग मोजायलाच पाहिजे.

बेअरिंगबहाद्दर: मोजा, पण ग्रोथ म्हणू नका. अप्लाइड या अमेरिकन डिस्ट्रिब्युटरने २०१८ ला एफसीएक्स ही व्हॉल्व्ह-पंपवाली कंपनी घेतली, सुमारे ७८४ दशलक्ष डॉलर, आणि २०२० मध्ये तिच्यावरचं १३१ दशलक्षचं गुडविल, म्हणजे मालमत्तेच्या किमतीवर मोजलेले जादा पैसे, तोटा म्हणून उडवावं लागलं. ठिपका मात्र नकाशावर तसाच!

जुना_खरेदीवाला: अरे ते २०२० म्हणजे कोविडचं वर्ष होतं ते पण बघ, मागणी सगळीकडेच आटली होती. फ्लो कंट्रोलमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह-पंपांच्या धंद्यात, अप्लाइडचा पाय रोवला तो त्याच सौद्याने.

गोदामातला_एक: तुम्ही दोघं वरूनच बघताय. आमच्या मालकांनी एक कंपनी घेतली, दोन्हीकडे ६२०५ बेअरिंग, आतला व्यास २५, बाहेरचा ५२, रुंदी १५ मिमी, जगभर तेच माप. पण सिस्टीममध्ये एकाच मालाचे तीन कोड, त्यामुळे इकडे खोकी धूळ खातायत आणि तिकडून अर्जंट ऑर्डर सुटतेय. घेतलेल्या कंपनीच्या काउंटरवर एक जुना माणूस होता, फोनवर नुसतं "तो मागचा पंप" ऐकलं की बरोबर सील काढून द्यायचा, तो सहा महिन्यांत सोडून गेला आणि त्याच्यामागे गिऱ्हाइकंही. मी तर सौद्याच्या दिवशीची गिऱ्हाइकांची यादी घेईन आणि दोन वर्षांनी त्यातले किती अजून ऑर्डर टाकतात ते बघेन.

बेअरिंगबहाद्दर: हेच म्हणतोय मी! पहिले १२ महिने घेतलेल्या कंपनीची विक्री वेगळी दाखवा, मग खरं काय ते कळेल. नट-बोल्ट विकणारी अमेरिकन कंपनी फास्टेनल बघा, बरीचशी वाढ गिऱ्हाइकाच्या कारखान्यातच शाखा आणि वेंडिंग मशीन टाकून केली.

जुना_खरेदीवाला: नट-बोल्ट आणि हातमोज्यांना मशीन चालतं रे. रात्री दोनला पंप बंद पडला की तिथे काय बटण दाबणार? तिथे माणूस लागतो, आणि तसली माणसं तयार मिळतात ती घेतलेल्या कंपनीतच.

गोदामातला_एक: आणि तीच निघून जातात, वर सांगितलं ना.