पोस्टरने समाज बदलतो म्हणे!

विक्रोळीकर: फोर्टात सामाजिक बदलाच्या पोस्टरांचं प्रदर्शन पाहून आलो. वळलेल्या मुठी, लाल-काळा रंग, आणि बघायला आलेले सगळे आधीच त्या मतांचे. बदल घडवणारं डिझाइन भिंतीवर टांगलेलं नसतं हो. १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीसाठी आमच्या विक्रोळीत गोदरेजने लाखो पोलादी मतपेट्या बनवल्या. बाहेरून कुलपं लावायची तर खर्च फार, म्हणून बंद व्हायची सोय पेटीच्या आतच बसवली. घोषणा एकही नाही, काम चोख.

जेजेचा जुना: आणि त्या पेटीत मत टाकणार कोण? तेव्हा शंभरात जेमतेम १८ साक्षर. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर चिन्ह चिकटवलेलं. बैलजोडी की कणीस-विळा, हे चित्र बघूनच ठरायचं. तेही ग्राफिकच ना?

विक्रोळीकर: चिन्ह मान्य. पण चिन्ह ओळख पटवतं, पोस्टर उपदेश करतं.

मुलुंड स्लो: कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण घ्या. टोक खाली, रंग एकच, लहान पोरालाही काढता यावा इतका सोपा. १९७६ला आणीबाणीत नसबंदीची सक्ती झाली, तेव्हाही तोच त्रिकोण होता. खूण जितकी चांगली, तितकी ती कुणाच्याही हातात चालते. तुम्ही डिझाइनवाले हे कधी बोलत नाही.

जेजेचा जुना: टार्गेटं वरून आली, त्याला त्रिकोण काय करणार?

पवईची अनघा: मतदानयंत्राचं रूप आमच्या पवईच्या आयडीसीत, म्हणजे आयआयटीच्या डिझाइन केंद्रात, ठरलं, ए. जी. राव आणि रवी पूवैया यांच्या हातून. चिन्हाशेजारी निळं बटण, दाबलं की लाल दिवा आणि बीप. अधिकाऱ्याने दर मतदाराला आपल्याकडचं बटण दाबल्याशिवाय पुढचं मत पडतच नाही. म्हणजे केंद्र बळकावलं तरी पूर्वीसारखे धडाधड शिक्के मारता येत नाहीत. याला राजकारण नाही तर काय म्हणायचं?

मुलुंड स्लो: पण पेटी रिकामी आहे हे एजंटांना उघडून दाखवता यायचं. यंत्राच्या पोटात काय दिसतं? म्हणून तर मागाहून व्हीव्हीपॅटची, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या जोडयंत्राची, काच आली, चिठ्ठी ७ सेकंद दिसायला. लोकांचा विश्वास बसणं हे डिझाइनचंच काम, आणि ते उशिरा सुचलं.

विक्रोळीकर: ७ सेकंदांत आमच्या आईचा चष्मा पर्समधून निघत नाही.

पवईची अनघा: काका, ही तक्रार मात्र रास्त आहे.